दोघांची बॅटिंग आणि नऊ जणांची रांग

न्यूयॉर्कचे यँकीज आणि मेट्स हे बेसबॉल संघ वेगवेगळ्या लीगमध्ये असल्यामुळे १६२ सामन्यांच्या हंगामात त्यांची गाठ फार थोड्या वेळा पडते. २०२४ मध्ये अशा चार लढती झाल्या आणि चारही मेट्सने जिंकल्या. जूनच्या अखेरीस मेट्सच्या सिटी फील्डवर ९-७ आणि १२-२, मग जुलैत यँकी स्टेडियमवर जाऊन ३-२ आणि १२-३. शेवटचा सामना २४ जुलैला, बुधवारी झाला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी न्यू जर्सीत, आयझलिनच्या ओक ट्री रोडवर, वडापावच्या दुकानाशेजारच्या पार्किंगच्या कठड्यावर आमची नेहमीची मंडळी जमली, तेव्हा विषय काय निघणार हे सांगायला ज्योतिषी नको होता. त्या संध्याकाळचा वाद मी हंगाम संपून सगळे आकडे हाती आल्यावर लिहून काढत आहे, कारण एखाद्या संघाची बॅटिंग चांगली आहे असे नेमके कशावरून म्हणायचे, या प्रश्नाभोवतीच तो शेवटपर्यंत फिरत राहिला.

अविनाशराव १९९६ पासून यँकीजचे. १९९८ मध्ये ११४ सामने जिंकणारा संघ त्यांनी डोळ्यांनी पाहिलेला असल्यामुळे त्यानंतरच्या प्रत्येक संघाकडे ते किंचित नाराजीनेच पाहतात. मकरंद सुरुवातीला क्वीन्समध्ये भाड्याने राहत होता आणि तिथेच मेट्सच्या नादी लागला. मेट्सचे शेवटचे विजेतेपद १९८६ चे, त्यामुळे चार सामन्यांच्या यशावरही त्याचे पोट भरते. गौरीचे सगळे आयुष्य आकडेमोडीत जाते आणि तिचा मुलगा लहान मुलांच्या लिटल लीगमध्ये खेळतो, म्हणून तिच्या गाडीत एकदोन बेसबॉल कायम घरंगळत असतात. प्रमोद ठाण्याहून नुकताच आलेला, पक्का क्रिकेटवाला. जूनच्या १२ तारखेला नासाऊ काउंटीच्या मैदानावर आपल्या मुंबईच्या सौरभ नेत्रावळकरने अमेरिकेकडून खेळताना विराट कोहलीला पहिल्याच चेंडूवर बाद केले, तो सामना त्याने प्रत्यक्ष पाहिला होता. त्याच दिवशी संध्याकाळी सिटी फील्डवर ग्रिमेस नावाच्या जांभळ्या बाहुल्याने मानाचा पहिला चेंडू टाकला आणि मेट्सने लागोपाठ सात सामने जिंकले. या दोन घटनांचा एकमेकींशी काहीतरी संबंध असावा, असे मकरंद अजूनही गंभीर चेहऱ्याने सांगतो.

तोंड मकरंदनेच उघडले. यँकीजच्या संघात बॅटिंग करणारे फक्त दोघे आहेत, हुआन सोटो आणि ॲरन जज. बाकीचे सात जण रांग पूर्ण करण्यापुरते उभे असतात, असे त्याचे म्हणणे होते. त्याला आधारही तसाच भक्कम होता, कारण मेट्सचा पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा, लुईस सेवेरिनो याने जुलैच्या मालिकेआधी जवळपास हेच जाहीरपणे सांगून टाकले होते. सेवेरिनो हा मूळचा यँकीजचाच. २०२३ मध्ये त्यांच्याकडून खेळताना त्याची सरासरी ६.६५ होती, म्हणजे दर नऊ इनिंगमागे (एका पूर्ण सामन्यामागे), क्षेत्ररक्षकांच्या चुकांमुळे मिळालेल्या धावा वगळूनही, साडेसहाहून अधिक धावा त्याच्या नावावर लागत होत्या. यँकीजने त्याला सोडले, मेट्सने एका वर्षाच्या करारावर घेतले आणि २०२४ चा हंगाम त्याने ३.९१ वर संपवला. घरच्या माणसाने घरातले वैगुण्य चव्हाट्यावर मांडावे, तशातला हा प्रकार असल्यामुळे अविनाशरावांना तो जास्तच झोंबला होता.

"तुम्ही चार सामन्यांवरून हंगामाचा निकाल लावता आहात," अविनाशराव म्हणाले. "याच संघाने पहिल्या ७२ सामन्यांत ५० जिंकले होते. त्यानंतर रिझोचा हात मोडला, स्टँटनचा स्नायू दुखावला, आणि तेव्हापासून घसरण सुरू झाली. दोघे परत येऊ द्या, मग बोला."

त्यांचा हिशेब खोटा नव्हता. अँथनी रिझो जूनच्या मध्यावर जायबंदी झाला, जियानकार्लो स्टँटन त्यानंतर आठवडाभरात, आणि पुढच्या महिन्याभरात यँकीजने जिंकलेल्यांच्या जवळजवळ दुप्पट सामने गमावले. पण मकरंदने हाच धागा पकडला. दोन माणसे गेल्यावर जो संघ इतका घसरतो, त्याच्या बॅटिंगला खोली नाही हे तुम्हीच सिद्ध करता आहात, असे तो म्हणाला. मेट्सचे उदाहरणही त्याने लगेच पुढे केले. मे महिन्याच्या मध्यावर फ्रान्सिस्को लिंडोरची बॅटिंगची सरासरी .२०० च्याही खाली होती, म्हणजे पाच प्रयत्नांत एक यशस्वी फटकाही नाही. १८ मेला त्याला रांगेत पहिल्या क्रमांकावर आणले. तरीही जूनच्या सुरुवातीला मेट्सचे २४ विजय आणि ३५ पराभव होते. तिथून संघ सावरला तो एकट्या लिंडोरमुळे नव्हे, तर मार्क व्हिएंतोस, ब्रँडन निम्मो, पीट अलोन्सो आणि मेच्या अखेरीस मायनर लीगमधून, म्हणजे खालच्या पातळीवरच्या संघातून, वर आणलेला होसे इग्लेसियस यांच्यापैकी रोज कोणीतरी उभे राहिल्यामुळे.

इथे प्रमोदने एक प्रश्न विचारला, आणि माझ्या मते त्या संध्याकाळचा तोच सर्वांत उपयोगी प्रश्न होता. जज जर इतका थोर, तर शेवटच्या इनिंगमध्ये गरज पडेल तेव्हा त्यालाच का पाठवत नाहीत?

क्रिकेटवाल्याला ही गोष्ट समजावून सांगताना बेसबॉलचे मर्म आपल्यालाही नव्याने उमगते. नऊ जणांचा क्रम सामन्याआधी ठरतो आणि तो चक्रासारखा फिरत राहतो. पाळी आल्याशिवाय कोणालाही पुढे घुसता येत नाही. क्रिकेटमधला सलामीवीर दिवसभर खेळपट्टीवर उभा राहू शकतो, पण जजला सामन्यात चार, फार तर पाच वेळा संधी मिळते, आणि त्या संधी सामन्याच्या कोणत्या टप्प्यावर याव्यात हे त्याच्या हातात नसते. त्यातही समोरच्या संघाला त्याच्याशी दोन हात करायचे नसतील तर चार वाईट चेंडू टाकून, किंवा नुसता इशारा करून, त्याला फुकट पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या तीन टप्प्यांपैकी पहिल्यावर, पाठवता येते; याला वॉक म्हणतात. एका बेसचे दान द्यावे लागते एवढेच. ते दान महाग पडेल की स्वस्त, हे जजवर अवलंबून नसून त्याच्या मागे बॅट घेऊन कोण येतो आहे यावर अवलंबून असते. संघाच्या बॅटिंगचे मोजमाप त्या चौथ्या-पाचव्या माणसापाशी करावे, हे माझे मत त्या दिवशी पक्के झाले आणि पुढे जे घडले त्याने ते अधिकच घट्ट केले.

अविनाशरावांना ते मान्य नव्हते. त्यांचा युक्तिवाद उलट्या बाजूने येत होता. जज तिसऱ्या क्रमांकावर येतो म्हणूनच दुसऱ्या क्रमांकावरच्या सोटोला चांगले चेंडू मिळतात. सोटोला वॉक देऊन जजला सामोरे जायची कोणाचीच छाती नाही. म्हणजे हे दोघे मिळून दोन नव्हेत, चार जणांचे काम करतात. जूनमधल्या पहिल्या सामन्यात यँकीज ९-३ असे मागे होते, तेव्हा आठव्या इनिंगमध्ये तिन्ही बेस भरलेले असताना जजने होमरन, म्हणजे मैदानाबाहेर जाणारा फटका, मारून एका फटक्यात चार धावा आणल्या होत्या, याचीही आठवण त्यांनी करून दिली. मकरंदने शांतपणे विचारले की त्या सामन्यात तुमच्या गेरिट कोलने चार इनिंगमध्ये किती होमरन दिले. उत्तर सर्वांना ठाऊक होते, तेही चारच.

त्यामुळे गाडी पिचिंगकडे वळली. कोल हा २०२३ चा साय यंग पुरस्कार, म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा मान, मिळवलेला पिचर. मार्चमध्ये त्याचे कोपर दुखावले आणि तो थेट १९ जूनला मैदानात उतरला. मेट्सविरुद्धचा सामना हा परतल्यानंतरचा त्याचा दुसराच. अविनाशराव म्हणाले की कोल अजून पूर्वीचा कोल झालेला नाही, हे धडधडीत दिसते आहे. पण जुलैमध्ये, महिनाभर सराव झाल्यावरही, याच मेट्सने त्याला पुन्हा सहा धावा ठोकल्या आणि लिंडोरने दोन होमरन मारले, त्याचे काय, असे मकरंदने विचारले. गौरीचे उत्तर सगळ्यांत समतोल होते. चार सामन्यांवरून कोल वाईट ठरत नाही आणि मेट्स थोरही ठरत नाहीत. पण मेट्सचे फलंदाज त्याच्याशी कसे खेळले ते पाहण्यासारखे होते. ते घाईघाईने बॅट फिरवत नव्हते, झोनच्या, म्हणजे चेंडू चांगला धरला जातो त्या चौकटीच्या, कडेवरचे चेंडू सोडून देत होते आणि त्याला मधोमध यायला भाग पाडत होते. शिवाय पिचर एकाच फलंदाजाला तिसऱ्यांदा सामोरा जातो तेव्हा त्या फलंदाजाने त्याचे सगळे डावपेच पाहून झालेले असतात. म्हणून तर अलीकडे बरेच व्यवस्थापक अठरा फलंदाजांनंतर सुरुवातीच्या पिचरला उठवायला बघतात.

हे बोलता बोलता तिने गाडीतून एक चेंडू आणला. मातीने काळपटलेला, एका बाजूला चामडे खरवडलेले. त्यावरची लाल शिवण १०८ टाक्यांची असते, जपाच्या माळेतल्या मण्यांइतकी. प्रमोदच्या हातात तो देऊन तिने त्याची बोटे आधी शिवणीच्या रुंद, नालेसारख्या वळणावर आडवी ठेवली. हा फोर-सीम फास्टबॉल. तो उलटा फिरत येतो आणि फलंदाजाच्या अंदाजापेक्षा कमी खाली पडतो. मग तीच बोटे तिने शिवणी जिथे एकमेकींजवळ येतात तिथे उभी ठेवली. हा सिंकर, तो पिचरच्या हाताच्या बाजूला सरकत बुडतो आणि बॅटच्या खालच्या भागावर लागून जमिनीवर घरंगळतो. मेट्सकडे आल्यावर सेवेरिनोने सिंकरवर भर दिला, आणि आडवा सरकणारा स्वीपरही जोडीला घेतला. फास्टबॉलचा वेग होताच. फरक पडला तो फलंदाजाला आता एकाऐवजी तीन दिशांचा विचार करावा लागतो म्हणून. प्रमोदने बोटे फिरवून पाहिली आणि आपल्याकडे हे सगळे चेंडू टप्पा पडल्यावर करतो, इथे हवेतच करावे लागते, एवढेच म्हणाला. साठ फूट सहा इंचांवरून, ताशी ९५ मैलांनी, अर्ध्या सेकंदाहून कमी वेळात.

एव्हाना मकरंदने चहाच्या कागदी पेल्याला टेकवून फोन उभा केला होता. त्या संध्याकाळी सिटी फील्डवर मेट्स विरुद्ध अटलांटा असा सामना चालू होता आणि अटलांटाकडून ख्रिस सेल पिचिंग करत होता. सेल डावखुरा, उंच आणि काटकुळा. हात इतका आडवा आणि खालून आणतो की डावखुऱ्या फलंदाजाला चेंडू आपल्या पाठीमागून निघाल्यासारखा वाटतो. मेट्सची खोलवर बॅटिंग वगैरे जे काही चार सामन्यांत दिसले होते, ते या माणसापुढे तासाभरात गप्प झाले. सेलने सात इनिंगहून अधिक काळ पिचिंग केले, नऊ जणांना स्ट्राइकआउट केले, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केले, आणि अविनाशरावांना बऱ्याच वेळाने हसायची संधी मिळाली. "नऊ जणांची रांग कुठे गेली रे?" असे त्यांनी दोनदा विचारले. मकरंदने शेवटपर्यंत फोनवरून नजर हटवली नाही, आणि दहाव्या इनिंगमध्ये मेट्सने तो सामना ३-२ असा जिंकला तेव्हाच त्याने चहा घेतला, जो तोवर पार निवला होता.

मेट्सच्या बाजूने खरी अडचण होती ती बुलपेनची, म्हणजे सुरुवातीच्या पिचरनंतर येणाऱ्या राखीव पिचरांची, आणि तिथे मकरंदला फारसे बोलता आले नाही. शेवटच्या इनिंगमध्ये आघाडी राखायला येणारा पिचर, म्हणजे क्लोझर, एडविन डियाझ २०२३ चा संपूर्ण हंगाम गुडघ्याच्या दुखापतीमुळे बाहेर होता. तो परतला, तर जूनमध्ये हाताला चिकट पदार्थ लागलेला आढळला म्हणून त्याच्यावर दहा सामन्यांची बंदी आली. २३ जुलैच्या ३-२ च्या सामन्यात तोही उपलब्ध नव्हता, तेव्हा शेवटचे बळी मिळवायला जेक डीकमन आला आणि त्याने जजला स्ट्राइकआउट करून सामना संपवला. त्या रात्री मकरंदच्या लेखी डीकमन राष्ट्रपुरुष होता. आठवडाभरात मेट्सने त्याला संघातून मोकळे केले. यँकीजचा क्लोझर क्ले होम्स याची कथा आणखी विचित्र. त्याची सरासरी पाहाल तर ती ३.१४, म्हणजे उत्तमच. पण त्याने हंगामात हाती आलेली आघाडी १३ वेळा घालवली, इतर कोणाहीपेक्षा अधिक. गौरीने त्या दिवशीच सांगितले होते की सरासरी हा आकडा धावा किती दिल्या ते सांगतो, केव्हा दिल्या ते सांगत नाही, आणि क्लोझरच्या बाबतीत केव्हा हेच सगळे असते.

पुढच्या काही दिवसांत दोघांचेही मुद्दे उलटेपालटे झाले. शुक्रवारी मेट्सचा कोडाई सेंगा हंगामात प्रथमच उतरला, सव्वापाच इनिंगच्या आसपास त्याने अटलांटाला अक्षरशः खेळवले, नऊ स्ट्राइकआउट घेतले आणि एका उंच उडालेल्या चेंडूच्या वाटेतून बाजूला होताना पोटरी धरून खाली बसला. नियमित हंगामात तो पुन्हा दिसला नाही. शनिवारी यँकीजने मायामीकडून जॅझ चिझम याला घेतले आणि त्याने पहिल्या तीन सामन्यांत चार होमरन मारले. स्टँटनही परतला, आणि फिलाडेल्फियात जाऊन यँकीजने तिन्ही सामने जिंकले. अविनाशरावांनी मध्यरात्री सगळ्यांना फोन केले. पण ३ ऑगस्टला टोरंटोच्या व्यवस्थापकाने दुसऱ्याच इनिंगमध्ये, दोन बाद, एकही बेस भरलेला नसताना, जजला हेतुपुरस्सर वॉक दिला. दुसऱ्या इनिंगमध्ये! मागे येणाऱ्या माणसाविषयी प्रतिस्पर्ध्याला काय वाटते, हे याहून स्पष्ट शब्दांत सांगता आले नसते.

हंगामाचे एकूण आकडे पाहिले तर अविनाशराव हरले असे म्हणता येत नाही. यँकीजचे होमरन २३७, सर्व ३० संघांत सर्वाधिक, मेट्सचे २०७. पण त्या २३७ पैकी जजचे ५८ आणि सोटोचे ४१, म्हणजे ९९, शंभरात जवळजवळ बेचाळीस. मेट्समध्ये सर्वाधिक होमरन मारणारे दोघे, अलोन्सो ३४ आणि लिंडोर ३३, यांचे मिळून शंभरात बत्तीस होतात, आणि त्यांच्यापाठोपाठ व्हिएंतोसचे २७ आणि निम्मोचे २३ आहेत. जजला १३३ वॉक मिळाले, त्यांतले २० उघडउघड हेतुपुरस्सर. सोटोलाही १२९ वॉक मिळाले, आणि इथे अविनाशरावांचा सिद्धांत मला लंगडा वाटतो. मागे जज असल्यामुळे पिचर सोटोला झोनमध्ये चेंडू टाकत असते, तर त्याला इतके वॉक मिळालेच नसते. ते त्याच्या नजरेचे आहेत, शेजाऱ्याचे नाहीत.

त्या गुरुवारच्या सामन्यातून सर्वांत जास्त कोणी घेतले असेल, तर ते कट्ट्यावरच्या कोणीही नव्हे. मेट्सचा डावखुरा पिचर शॉन मनाया सेलचे पिचिंग पाहत होता, आणि त्याने नंतर स्वतःच सांगितल्याप्रमाणे, ते पाहूनच त्याने आपला चेंडू सोडण्याचा हात खाली आणायचे ठरवले. हंगाम ऐन भरात असताना, बत्तीस वर्षांच्या माणसाने! १२ विजय, ६ पराभव आणि ३.४७ ची सरासरी अशी त्याची वर्षाची नोंद आहे, आणि उत्तरार्धातला मेट्सचा भरवशाचा पिचर तोच ठरला.

ऑक्टोबरमध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी आधी मेट्सना सहा सामन्यांत आणि मग वर्ल्ड सिरीजमध्ये, म्हणजे अंतिम मालिकेत, यँकीजना पाच सामन्यांत हरवले, त्यामुळे कट्ट्यावर काही काळ समान दुःखाची शांतता नांदली. ती डिसेंबरात मोडली. सोटोने पंधरा वर्षांचा, ७६.५ कोटी डॉलरचा करार केला, आणि तो मेट्सशी केला. त्याच आठवड्यात १३ वेळा आघाडी घालवणारा होम्सही मेट्सकडे आला, तो सुरुवातीचा पिचर होण्यासाठी. यावर अविनाशराव फक्त "न्या" एवढेच म्हणाले.

सोटोच्या बाबतीत मात्र ते इतके उदार नव्हते. आणि मकरंद, ज्याने जुलैमध्ये दोन माणसांची बॅटिंग ही बॅटिंगच नव्हे असे ठासून सांगितले होते, तो आता एक माणूस आल्याने अख्खी रांग कशी बदलते हे सांगू लागला. सोटो मागे असल्यावर लिंडोरला वॉक द्यायची कोणाचीच छाती होणार नाही, असे तो म्हणाला. हे वाक्य मी कुठेतरी ऐकले आहे, असे अविनाशराव म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिले. गौरीने मध्ये पडून एवढेच विचारले की सोटोच्या मागे कोण येणार आहे. अलोन्सोचा करार तेव्हा संपलेला होता आणि नवा झालेला नव्हता, त्यामुळे मकरंदला त्या संध्याकाळी तरी उत्तर देता आले नाही.